चालत्या गाडीत वकिली शिकता येत नाही

मे महिना लागला की डोंबिवली-कल्याणातली कायद्याची मुले आनंदाने सांगतात, ‘सर, यंदा रिमोट इंटर्नशिप मिळाली. गावाहूनच करणार, मध्ये चार दिवस गोवाही होईल.’ आईवडीलही खूश असतात, कारण लोकलची गर्दी टळली, सुट्टी वाचली आणि प्रमाणपत्रही पदरात पडणार. सर्वांत खूश असते ती लॉ फर्म. तिला खुर्ची द्यावी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत आणि शिकवावे तर मुळीच लागत नाही. या व्यवहाराला शिक्षण म्हणायला माझी तयारी नाही. ही फुकटची वेठबिगारी आहे, आणि तिच्यात आपल्या मुलांसोबत अशिलाचाही बळी जातो.

अशिलाचे आधी सांगतो, कारण त्याच्या बाजूने कोणीच बोलत नाही. एका उन्हाळ्यात ठाण्याहून जनशताब्दीने रत्नागिरीला निघालो होतो. शेजारच्या खुर्चीवर विशीतला एक मुलगा मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर कर्जाचा करार होता. कर्जदाराचे नाव, गहाण फ्लॅटचा पत्ता, थकलेली रक्कम हे सारे मान न वळवता मला वाचता येत होते. पुढे फर्ममधून फोन आला आणि मुलाने करारातली कलमे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बोगद्यात आवाज तुटला की बाहेर पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून. एका कर्जबाजारी माणसाची अब्रू अर्ध्या डब्याने ऐकली. मला त्या मुलाचा राग आला नाही. अशिलाचे कागद चारचौघांत उघडायचे नसतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. राग आला तो ते कागद ईमेलने धाडून निर्धास्त झालेल्या वकिलाचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे 132वे कलम अशिलाची गुपिते राखण्याचे बंधन वकिलावर घालते, तसेच त्याच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही. मग पगार नसलेला, नेमणूकपत्र नसलेला, कोणत्या गावात बसला आहे हेही फर्मला ठाऊक नसलेला हा मुलगा यांपैकी कोण? उद्या कागद फुटले तर फर्म त्याला आपला माणूस म्हणेल का? मला तरी तशी आशा नाही.

आता शिक्षणाचे पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008चे नियम तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची करतात. त्यात एकदा तरी खटले आणि अपिले चालवणाऱ्या वकिलाच्या हाताखाली काम केले पाहिजे, अशी अट आहे. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा असतो. नियम करणाऱ्यांना वकिली कुठे शिकली जाते हे ठाऊक होते. रिमोटवाल्या मुलाच्या वाट्याला मात्र दहा निवाडे शोध, तक्ता भर, समासाच्या चुका दुरुस्त कर, एवढेच येते. त्याच्या मसुद्यावर लाल पेन फिरवायला कोणी नसते. आठवडे संपतात आणि पुकारा कसा होतो हेही त्याने पाहिलेले नसते.

यावर लोकलचा मुद्दा पुढे येतो, आणि तो खरा आहे. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी रुळांवर पडले, त्यांतले काही जिवाला मुकले. फुकटच्या कामासाठी पोटच्या पोराला सकाळच्या जलद लोकलच्या दारात लटकवा, असे मी कोणत्याही आईला सांगणार नाही. पण फोर्टलाच जा, असे कोणी सांगितले? कल्याणचे कोर्ट स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ठाण्याचे जिल्हा न्यायालय कोर्ट नाक्यावर आहे. तिथे निशाणी 5 वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, युक्तिवाद ऐकायला मिळतो, पुरशिस लिहावी लागते, रोजनामा वाचायला आणि नक्कल काढायला शिकावे लागते. उलटतपासणीत साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळला, हे डोळ्यांनी पाहता येते.

आणि कामाला विषय हवा असेल तर डोंबिवलीइतके भरपूर कुठे सापडेल? महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्यांत बँकेचे कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे राहत होती. त्यांना सातबारा, बांधकाम परवानगी आणि इंडेक्स टू शेजारी ठेवून समजावून सांगणारा माणूस वेळेवर भेटला असता तर? तो माणूस घडवण्याची जागा इथेच आहे. मनालीच्या हॉटेलात बसून परक्या कंपनीच्या करारातले स्वल्पविराम तपासल्याने तो घडणार नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने शहरांतल्या कनिष्ठ वकिलांना महिना किमान 20,000 रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. सनद मिळालेल्यांचीही बोळवण शिफारशीवर होते, तर इंटर्नला विचारतो कोण?

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. लॉ फर्मने रिमोट इंटर्न घ्यायचाच असेल तर त्याला पैसे द्यावेत, रोज त्याचे काम तपासणारा वकील नेमून द्यावा आणि अशिलाचा एकही कागद त्याच्या खासगी लॅपटॉपवर पाठवू नये. महाविद्यालयांनी असल्या प्रमाणपत्रांवर सह्या करणे थांबवावे. कल्याण आणि ठाण्याच्या वकील संघटनांनी दर मे महिन्यात इच्छुक मुलांची यादी करून त्यांना इथल्या वकिलांकडे वाटून द्यावे आणि त्यांच्या प्रवासाचा, जेवणाचा खर्च उचलावा. आणि मुलांनो, गावाला जा, गोव्याला जा, मनसोक्त फिरा, पण लॅपटॉप घरी ठेवून. परत आलात की पांढरा शर्ट घालून सकाळी कल्याण कोर्टात या.