लोक हसतील अशी गाडी
(द्वितीय वर्ष, कला)

"एटहंड्रेडची रेसची गाडी करताय? मग म्हैसच टांग्याला जुंपा की!"

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गॅरेजवर चहा पिता पिता एक गिऱ्हाईक असे म्हणाले आणि बाकावरची मंडळी पोट धरून हसली. आबा हसले नाहीत, दादा हसला नाही, आणि कोपऱ्यात बिलाच्या वहीत आकडे मांडत बसलेली मीही हसले नाही. कारण ती कल्पना आमच्याच घरातली होती. खरे सांगायचे तर बरीचशी माझीच होती.

वाचकांना वाटेल, वार्षिक अंकात कथा-कविता सोडून ही मुलगी मोटारी घेऊन कुठे आली? परंतु ज्याच्या शेतात जे पिकते तेच तो बाजारात आणणार! माझे वडील मेस्त्री आहेत. आबा चौथी शिकले, दादा दहावी. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅरेजमध्ये इंग्रजी मजकूर आला की तो माझ्यापुढे येतो. स्पेअर पार्टच्या खोक्यावरची सूचना असो, इंजिनाचे मॅन्युअल असो, नाहीतर शर्यतींवरचा एखादा लेख असो. मी वाचायचे, मराठीत सांगायचे आणि दादाने ऐकता ऐकता पाना फिरवायचा, अशी आमची पद्धत. या वाचनातून माझे एक मत बनले आहे. वेगासाठी बांधायची गाडी निवडताना, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही अशी गाडी निवडणे हा वेडेपणा नव्हे. मात्र ती का निवडली याचे उत्तर गाडीच्या पोटात असले पाहिजे, लोकांच्या डोळ्यांत नव्हे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडच्या 'मिनी'चे. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा कमी पेट्रोलात चार माणसे नेणारी गाडी हवी म्हणून ॲलेक इसिगोनिस यांनी ती आखली. १९५९ साली ती बाजारात आली. इंजिन ८४८ सीसीचे, ताकद ३४ अश्वशक्ती, चाके अवघी दहा इंची! बाजारहाट करायची, मुलांना शाळेत सोडायचे, यासाठी केलेली ती गाडी. पण जॉन कूपर नावाच्या माणसाला तिच्यात निराळेच काही दिसले. हा कूपर काही साधासुधा हौशी नव्हे; १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच्या कारखान्याच्या गाड्यांनी फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा जिंकली होती. त्याने पाहिले, की ही गाडी वजनाला हलकी आहे, इंजिन आडवे बसवल्यामुळे नाक आखूड आहे, चारही चाके अगदी चार कोपऱ्यांना आहेत, आणि ओढ पुढच्या चाकांना असून इंजिनाचे वजनही त्यांच्यावरच आहे. म्हणजे वळणावर ती जमीन सोडणार नाही. खुद्द इसिगोनिस यांना ही कल्पना पसंत नव्हती. त्यांच्या मते ती सामान्य माणसाची गाडी होती. शर्यतीशी तिचा काय संबंध? तरी १९६१ साली ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्तीची 'मिनी कूपर' निघाली. पुढे आणखी ताकदवान 'कूपर एस' आली आणि तिने माँटे कार्लोची रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. १९६४ साली पॅडी हॉपकर्कच्या मिनीमागे दुसरा नंबर होता तो व्ही-आठ इंजिनाच्या अवाढव्य फोर्ड फाल्कनचा. त्या रॅलीत छोट्या इंजिनाला गुणांची सवलत होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु बर्फाळ घाटातली वळणे काही सवलतीने कापता येत नाहीत.

दुसरे उदाहरण स्वीडनच्या व्होल्व्होचे. १९९४ साली ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत या कंपनीने आपली '८५०' गाडी उतरवली, तीही मागे सामानाचा लांबलचक डबा असलेली एस्टेट! टॉम वॉकिन्शॉ यांच्या पथकाने ती बांधली होती. रिकार्ड रायडेल आणि यान लामर्स ती चालवत. कुत्रे आणि पोरेबाळे घेऊन सहलीला जाणारी गाडी म्हणून लोकांनी थट्टा केली, तेव्हा पथकाने शर्यतीआधीच्या फेरीत मागच्या डब्यात चक्क पेंढा भरलेला कुत्रा बसवला. पहिला नंबर या एस्टेटला कधीच मिळाला नाही, आणि पुढच्या वर्षी कंपनी साध्या सलून गाडीवर आली. पण व्होल्व्होचे नाव मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. म्हणजे ही निवड पुष्कळशी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होती. मी तिला नावे ठेवीत नाही. त्या लोकांना आपण काय करतो आहोत ते पक्के ठाऊक होते, आणि गाडी त्यांनी हातचे काही राखून बांधली नव्हती.

आपल्याकडे गोची होते ती इथेच. डोळ्यांसाठी केलेले तेवढे उचलले जाते आणि गाडीच्या पोटातले काम राहून जाते. फियाट ६०० सारख्या चिमुकल्या गाडीला शर्यतीत पळवणारा कार्लो अबार्थ सायलेन्सरही विकत असे. पण त्याच्या सायलेन्सरपुढे तितक्याच तोलाचे इंजिन असे. आमच्या बाजारपेठेतून रात्री दहा वाजता जी पोरे फटाके फोडीत जातात, त्यांच्याकडे नुसताच सायलेन्सर असतो.

आता आमच्या एटहंड्रेडकडे येते. मारुती ८०० भारतात १९८३ साली आली आणि २०१४ साली बंद झाली. आमच्या गॅरेजच्या मागे एक अशीच गाडी भंगाराची वाट पाहात उभी होती. तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती देणारे. पण त्याच कंपनीच्या एस्टीम गाडीचे १२९८ सीसीचे इंजिन थोड्या खटपटीने तिच्यात बसते, हे शर्यतवाल्या मंडळींना जुने ठाऊक आहे. त्यातले साधे कार्ब्युरेटरचे इंजिन घेतले तरी ताकद ६५ अश्वशक्तीच्या घरात जाते. वजन फारसे वाढत नाही, ताकद मात्र पावणेदोनपट. शिवाय सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि डोळे बांधले तरी आबांचा हात ती गाडी उलगडू शकतो. परदेशी गाडीचे चित्र भिंतीवर लावता येते, पण तिचा एक रबरी बूश फाटला तर महिनाभर वाट पाहावी लागते. गरिबाच्या हौसेला गरिबाचीच गाडी सोयीची.

म्हणून सुट्टीत दादाने एस्टीमचे जुने इंजिन मिळवले, त्याचे माउंटिंग कोल्हापुरात उद्यमनगरातून करून आणले, आणि मी त्याला कूपरची हकीकत वाचून दाखवली. तिथेच माझी चूक झाली. इंजिन मोठे केले, अश्वशक्ती ३४ ची ५५ झाली, इथपर्यंत मी रंगवून सांगितले. त्या लेखात पुढेच एक वाक्य होते, की कूपरने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. ते वाक्य मी वाचले होते, पण मराठीत सांगितले नाही. मला ते किरकोळ वाटले. दादा उतावीळ झाला होता आणि मलाही चार सीसी, चार अश्वशक्ती सांगून विद्वान ठरायची घाई झाली होती.

मे महिन्यातल्या एका पहाटे, आबा उठायच्या आत, दादा ती गाडी कारखान्याच्या रस्त्याला घेऊन गेला. मी शेजारी बसले होते. गाडी जी सुटली ती पाहून आम्ही दोघेही ओरडलो. मग वळण आले. दादाने ब्रेक दाबला, आणखी दाबला, पण लहान इंजिनाच्या मापाचे जुने ब्रेक त्या वेगाला पुरे पडेनात. बांध ओलांडून आम्ही उसात गेलो. दादाच्या कपाळाला चार टाके पडले, मला खरचटले. त्या वळणावर दररोज सकाळी दूध घालायला माणसे सायकलीवरून जातात. त्या दिवशी ती पाच मिनिटे उशिरा आली, एवढेच आमचे पुण्य. विज्ञान शाखेतली मैत्रीण मला नंतर म्हणाली, "वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे आम्ही अकरावीलाच शिकतो."

आबांनी आम्हाला मारले नाही. आठ दिवस ते बोललेच नाहीत. नवव्या दिवशी ते म्हणाले, "पळायचं काय, उताराला धोंडा बी पळतुय. थांबाय येतंय का ते आदी बघायचं."

त्यानंतर मी कायदाही वाचला, आणि या वेळी सगळा वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आर.सी. बुकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा घातली. काही जण यावर रागावतात. कसबी मेस्त्रीचे हात बांधले, असे म्हणतात. मलाही आधी तसेच वाटले असते. पण उसातून बाहेर आलेल्या माणसाला तसे वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. आपल्या प्रयोगाला दूधवाल्याने संमती दिलेली नसते. प्रयोगाची जागा बंदिस्त ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसच्या मैदानात. आपल्या भागात अशी मैदाने वाढावीत, अशी मागणी जरूर करावी. तिथे मारुतीला हसणारे खुशाल हसोत.

कोणी म्हणेल, एवढे झाल्यावर ती निवडच चुकली असे का नाही मानत? मी मानत नाही. गाडी योग्यच होती. आम्ही काम उलट्या टोकाने केले. जी गाडी कोणी वेगासाठी बांधलेली नाही, तिची प्रत्येक गोष्ट आपल्याला तपासावी लागते; कारखान्याने आपल्यासाठी काही विचार करून ठेवलेला नसतो. नावाजलेली गाडी घेणाऱ्याला थोडे गाळून वाचले तरी एखादे वेळी चालून जात असेल. आमच्यासारख्यांना ते परवडत नाही.

सध्या ती एटहंड्रेड गॅरेजमागे लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. इंजिन उतरवून ठेवले आहे. आधी ब्रेक, मग चाके आणि शॉकॲब्सॉर्बर, आणि अगदी शेवटी इंजिन, असा आबांचा हुकूम आहे. मैदानाखेरीज ती कुठे चालणार नाही, हेही त्यांनी बजावले आहे. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की आबा हात पुसतात, स्टूल ओढून बसतात आणि मॅन्युअल माझ्यापुढे सरकवतात.

"वाच," ते म्हणतात, "आन् मधलं काय सोडू नगंस."