बैलाला लस, धन्याला चिंधी



गेल्या सुगीत माण तालुक्यातल्या एका बैठकीत आम्ही विचारले, "या हंगामात कुणाला काही इजा झाली का?" एकही हात वर गेला नाही. मग म्हटले, "बरं, वहाणा काढा आणि तळहात दाखवा." तेव्हा एकेक बाहेर पडू लागले. जोंधळा काढताना विळ्याने चिरलेले बोट, तळव्यात मोडून तसेच राहिलेले धसकट, मळणीयंत्राच्या पट्ट्याने सोलवटलेले कोपर. कुणी वर हळद दाबलेली, कुणी चुना-तंबाखू, कुणी चक्क माती. डॉक्टरकडे कोण गेले? कुणीच नाही. "एवढ्याशाला काय डॉक्टर? चालायचंच!"

या 'चालायचंच'शी आमचे भांडण आहे.

खरसुंडीच्या बाजारातून आणलेल्या खिलाराच्या खुरात काटा गेला, तर आपण हातातले काम टाकतो, त्याला पाडतो, काटा काढतो, गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. पावसाळ्याआधी घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घेतो. फऱ्याचा जंतू आणि माणसाच्या धनुर्वाताचा जंतू हे एकाच कुळातले भाऊबंद. दोघेही मातीत वर्षानुवर्षे दबा धरून राहतात. धनुर्वाताचा जंतू शेणातही असतो. म्हणजे आपले रान, आपला गोठा, आपला उकिरडा हेच त्याचे घर. त्याला मोठी जखमही लागत नाही. काट्याचे, धसकटाचे, खिळ्याचे खोल गेलेले आणि वरून मिटलेले भोक त्याला जास्त मानवते, कारण आत हवा पोचत नाही. बहुतेक वेळा तीन दिवस ते तीन आठवडे तो गप्प असतो. जखम भरत आलेली असते, माणूस ती विसरलेला असतो, आणि एके सकाळी जबडा उघडत नाही. मग कित्येक आठवडे अतिदक्षता विभाग, आणि तरीही माणूस हाती लागेल याची खात्री नाही. हे टाळणारी सुई सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

बैलाला लस आणि धन्याच्या पायाला चिंधी, हा कुठला हिशेब?

हिशेबच आहे, आणि तो आपल्याला शिकवला गेला आहे. बैलाला रोख पैसे मोजावे लागतात, आपला देह फुकटचा! शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांची मजुरी धरतो, पण चिरलेल्या बोटामुळे बुडालेले दिवस आणि दवाखान्याचा खर्च यांना रकाना नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. त्यात औषधपाणीही आहे आणि आजारपणात बुडालेल्या पगाराचा काही भागही. शेतकऱ्यासाठी काय? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना. अपघातात मेला तर २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. पाय वाचवायला मात्र छदाम नाही. सरकारच्या लेखी शेतकऱ्याची जखम ही पाय तुटेपर्यंत जखमच नसते.

आम्ही कृषी पदवीधरही धुतल्या तांदळासारखे नाही. जोंधळ्यात खोडमाशीची पोंगेमर १० टक्के दिसली की फवारा, कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की बोंडअळीची दखल घ्या, हे आम्ही घोकले आणि तुम्हाला सांगितले. प्रत्येक किडीला आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे. माणसाच्या अंगाला कुठली पातळी, हे आम्हाला कुणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. हाताला चीर असताना फवारणी केली तर विष त्या वाटेने लवकर अंगात भिनते, हे तरी गावोगाव सांगायला हवे होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही सूर निघालाच, की त्यांनी स्वतःची काळजी घेतली नाही.

बायाबापड्यांची गत तर आणखी वाईट. पुरुष निदान पारावर लंगडून दाखवतो. बाई चिरलेल्या हाताने शेण काढते, त्याच हाताने भाकरी थापते. तिला सुई टोचली ती गरोदरपणात. त्यानंतर कोण विचारतो?

तुम्ही म्हणाल, उपकेंद्राला कुलूप असते, एसटीचे भाडे पडते, दिवस बुडतो. खरे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण बुडालेला रोज कोण देणार? तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. जो गेलाच नाही, त्याची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून साठा नाही, आणि साठा नाही म्हणून आपण जात नाही. आपल्या मुकाट सोसण्यावरच ते कुलूप टिकून आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे चार ठराव आहेत :

१. जखम झाली की आधी वाहते पाणी आणि साबण. माती, शेण, चुना, तंबाखू बंद.

२. खोल किंवा मळलेली जखम असेल, काटा, धसकट किंवा खिळा घुसला असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. साखरेचा आजार असणाऱ्याने पायाच्या ओरखड्यालाही थांबायचे नाही. धनुर्वाताची सुई दर दहा वर्षांनी. मळक्या जखमेला मात्र शेवटच्या सुईला पाच वर्षे उलटली असली तरी पुन्हा. तारीख घरात लिहून ठेवायची.

३. सुगीत आणि फवारणीच्या दिवसांत सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतली आरोग्य केंद्रे संध्याकाळी उघडी ठेवा, अशी मागणी दोन्ही जिल्हा परिषदांकडे करायची.

४. इजेमुळे बुडालेले दिवस आणि दवाखान्याचा खर्च उत्पादन खर्चात धरलाच पाहिजे.

चौथा ठराव मिळवायला वर्षे लागतील. पहिल्या दोन ठरावांना कुणाची परवानगी लागत नाही. बैठकीला याल तेव्हा पायातले धसकट काढून, सुई टोचून या. रास्त भावाची लढाई लांबची आहे, आणि ती लंगडत लढता येत नाही.