कोऱ्या ओळीत काय झालं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या टोमॅटोच्या पहिल्या तोड्यालाच फळांच्या बुडाला काळे डाग दिसले. जुन्नर तालुक्यात हा डाग कुणालाच नवा नाही. दुकानदाराने कॅल्शियमची बाटली पुढे केली. सोबत एक टॉनिक आणि एक बुरशीनाशक. पूर्वी मी तिन्ही एकदम मारली असती, आणि डाग कमी झाले असते तर पुढच्या वर्षीही तिन्हींचे पैसे मोजले असते.

या वेळी बांधाकडच्या ओळी सोडल्या. कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त, ती फसवतात. मधल्या बारा ओळींच्या चिठ्ठ्या टाकून तीन वाटे केले. चार ओळींना फक्त कॅल्शियमची फवारणी. चार ओळींना फवारणी नाही, पण नळ्यांना कॉक बसवून तीन दिवसांआड तीन तास सुटणारं ड्रिप रोज एक तास सोडलं. उरलेल्या चार कोऱ्या.

सासरे म्हणाले, "ओळी कोऱ्या ठेवून नुकसान कशाला करून घ्यायचं?" चार ओळींचं नुकसान डोळ्यांना दिसतं हे खरं. अख्ख्या एकरावर फुकट गेलेलं औषध दिसत नाही, ते उधारीच्या वहीत जाऊन बसतं.

दर ओळीत पाच झाडांना लाल सुतळी बांधली. दर सोमवारी त्याच झाडांची उंची, फुलांचे घोस, धरलेली फळं, डागी फळं मुलीच्या जुन्या वहीत उतरवली. तीन आठवड्यांनी कोऱ्या ओळींत शंभरात चौदा फळं डागी होती, फवारलेल्या ओळींत बारा, रोज पाणी दिलेल्या ओळींत चार. कॅल्शियम मातीत होतंच. ते पाण्याबरोबर झाडात चढतं. पाण्यात खाडा पडला की फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही. एका हंगामाचा हा हिशेब आहे, म्हणून यंदा तोच प्रयोग पुन्हा लावला आहे.

चिठ्ठ्यांची रीत माझी नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना रोनाल्ड फिशर यांनी ती 1920 च्या दशकात मांडली. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर ती रोजची आहे. आमच्याकडे मात्र हिरवागार प्लॉट दाखवायला बोलावतात आणि शेजारी कोरी ओळ नसते. मग तो हिरवा कशाने झाला, शेणखताने, पाण्याने की बाटलीने? कोरी ओळ नसेल त्याला प्रात्यक्षिक म्हणूच नये, असा नियम कृषी विभागाने करावा.

तोवर पुढची लागण करताना चार ओळी आधीच ठरवून ठेवा. नवी बाटली कुणी पुढे केली, की विचारा: औषध न मारलेल्या शेजारच्या ओळीत काय झालं?