ठेक्याचे सोवळे

रायपुरास बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या सामानात एक तक्रार हमखास असते, आणि गणेशोत्सव जवळ आला की ती ट्रंकेतून बाहेर निघते. अजय-अतुल या बंधूंनी मराठी संगीत नासवले, ही ती तक्रार. ज्यांनी 'विश्वविनायक'सारखी भक्तिरसाने भारलेली ध्वनिफीत काढली, 'जोगवा'च्या संगीताने २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला, तेच पुढे 'झिंगाट'च्या ठेक्यावर आबालवृद्धांना नाचवू लागले. गांभीर्य गेले, उडत्या चाली आल्या. सबब आपल्या व्यासपीठावर हे गाणे नको! असा ठराव रीतसर मांडला जात नाही. पण कार्यक्रमपत्रिका ठरविताना तो मुकाट्याने अंमलात येतो. या सोवळ्याशी आमचे भांडण आहे, आणि ते आम्ही येथे उघडपणे मांडणार आहोत.

आधी हिशेब तपासू. वाचकांपैकी पुष्कळांचा जन्म हिशेब तपासण्यातच गेला आहे. हे संगीतकार गांभीर्याकडून ठेक्याकडे घसरले, असे म्हणावयाचे तर सनावळी तसे सांगत नाही. 'जत्रा' चित्रपटातील 'कोंबडी पळाली' हे नाचरे गाणे २००६ सालचे. 'जोगवा' त्यानंतरचा. 'नटरंग' २०१० सालच्या आरंभीचा, आणि त्यातल्या लावण्यांवर नाके मुरडणारे गृहस्थ आम्हांला तरी आढळले नाहीत. उलट त्या दिवाणखान्यात मोठ्या कौतुकाने वाजल्या. मग आला २०१६ चा 'सैराट'. ज्या चित्रपटात 'झिंगाट' आहे त्याच चित्रपटात 'याड लागलं' आहे, आणि त्या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसला जाऊन तेथील वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलेले आहे. एकाच पंक्तीत पुरणपोळीही वाढली आणि झणझणीत रस्साही वाढला. रस्सा वाढला म्हणून पुरण नासले, असे कोणता शहाणा म्हणेल?

खरी गोष्ट ही की, प्रत्येक पिढीला आपण ज्या चालींवर वाढलो तेवढ्याच सनातन वाटतात. आमच्या ज्येष्ठांना नाट्यसंगीत प्रिय आहे, आम्हांलाही आहे. परंतु नाट्यसंगीत म्हणजे काही आकाशातून पडलेली एकजिनसी वस्तू नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० सालचे. त्यांच्या नाटकांतील साक्या, दिंड्या, कीर्तनी वळणाची पदे यांवर एक पिढी पोसली गेली. पुढे १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या त्या उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या, चटकदार, लचकत चालणाऱ्या. साकी-दिंडीवर पोसलेल्या कानाला हा पालट काय लहान वाटला असेल? आणि या चाली आल्या कोठून? तर पूर्वेकडील कोठ्यांतून आणि मैफलींतून, म्हणजे ज्या वस्तीचे नाव आमचे आजोबा घरात घेऊ देत नसत तिच्याच दारातून. आज त्याच पदांना आपण अभिजात म्हणतो आणि ती ऐकताना अंगावर शाल पांघरतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. अनेक ठिकाणच्या मराठी मंडळांचा प्रातःकालचा कार्यक्रम 'अमर भूपाळी' चित्रपटातील भूपाळीने सुरू होतो. ती भूपाळी ज्याच्या नावावर आहे तो होनाजी बाळा पेशवाईच्या अखेरचा शाहीर. तमाशाच्या फडासाठी लावण्या रचणारा. ढोलकीवर चाललेल्या पायांनी ज्याचे पोट भरले त्याची भूपाळी आपल्याला पवित्र, आणि त्याच ढोलकीचा वारसा सांगणारे आजचे गाणे मात्र विटाळ! शंभर-दीडशे वर्षे लोटली की ठेका आपोआप शुद्ध होतो, असा काही शासननिर्णय निघालेला असल्यास तो आमच्या पाहण्यात नाही.

एवढ्यावर वाद संपला असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणी 'झिंगाट'ला नावे ठेवली तर फारसे बिघडत नाही. तेथे मराठीला शाळा आहे, बाजार आहे, शेजार आहे. रायपुराची गोष्ट वेगळी. येथे मराठी माणूस काही काल आलेला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलापासून तो येथे नांदतो आहे, आणि १९५६ पर्यंत हे शहर व नागपूर एकाच प्रांतात होते. माधवराव सप्र्यांनी याच छत्तीसगडात 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदीची सेवा केली आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेला. ती देवघेव दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाची होती. आज तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरात काय ऐकू येते? आई मराठीत हाक मारते, मूल हिंदीत ओ देते. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मित्र हिंदी, अंगणातले खेळ हिंदी. अशा मुलाला मराठीचे जे चार शब्द आनंदाने, कोणी दटावल्याशिवाय, तोंडपाठ येतात ते बहुधा एखाद्या नाचाच्या गाण्यातले असतात.

आणि नेमके तेच आपण त्याला मंडळाच्या दारात टाकून आत यावयास सांगतो.

याचा परिणाम काय होतो हे पाहण्यास ज्योतिषी नको. 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ साली 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात 'चिकनी चमेली' होऊन अवतरली. 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' २०१८ साली आला आणि त्यात 'झिंगाट' हिंदी शब्द लेवून पुन्हा नाचू लागले. संगीतकार तेच, गाणारेही तेच. या व्यवहारात त्या बंधूंचा दोष आम्ही काढीत नाही, कारण ज्याची चाल त्याला ती विकण्याचा अधिकार आहे. पण रायपुराच्या मुलापुढे आता दोन 'झिंगाट' आहेत. एक शाळेच्या स्नेहसंमेलनात, मित्राच्या वाढदिवसाला, लग्नाच्या वरातीत मोकळेपणाने वाजते. दुसऱ्याला मराठी मंडळातच मज्जाव. तो कोणते उचलील? ठेका अडविण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही; धुमालवाल्यांच्या गाडीवर तो या शहराच्या रस्त्यारस्त्यांतून फिरतो आहे. आपल्या सोवळ्याने अडतात ते फक्त मराठी शब्द. चाल राहते, भाषा जाते. आणि भाषा घालविल्याचे श्रेय संस्कृतिरक्षकांच्या नावावर जमा होते.

यावर एक आक्षेप येतो तो आम्ही हलका मानीत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती छातीत धडकी भरवितात, आजाऱ्याची झोप उडवितात. हे सत्य आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि बिलासपूरच्या उच्च न्यायालयास अलीकडे या डीजेच्या धुमाकुळाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. या भिंती बंद झाल्या पाहिजेत, आणि त्यासाठी वाचकांपैकी ज्यांच्या हाती अधिकाराचा शिक्का आहे त्यांनी तो वापरावा. परंतु भिंतीवरून भजन लावले तरी ते असह्यच होईल. गुन्हा यंत्राचा आणि ते चालविणाऱ्याचा. शिक्षा मात्र गाण्याला, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप भाषेचा. गाण्याची बोली गावंढळ आहे, मुलांच्या जिभेवर अशुद्ध मराठी बसेल, असे म्हणतात. हे ऐकून आम्हांला हसू आवरत नाही. 'मी जेवून राहिलो', 'तो येऊन राहिला' असे आपण घरात बिनदिक्कत बोलतो. नागपूर-रायपुराकडचे हे आपले वळण आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मग करमाळ्याकडच्या पोराच्या बोलीचीच लाज का? या आक्षेपाच्या तळाशी व्याकरण नसून जात आणि ऐपत आहे, असा आमचा संशय आहे. कोणत्या वस्तीतले पोर व्यासपीठावर नाचते आहे, याची ती धास्ती आहे. 'सैराट' हा चित्रपटच अशा धास्तीने दोन जिवांचे काय केले ते सांगतो. त्यातले गाणे तेवढे उपटून नाचणाऱ्यांनीही त्याचा शेवट विसरू नये.

हे दोघे बंधू महसूल खात्यातल्या एका नोकरदाराचे पुत्र. वडिलांच्या बदल्यांबरोबर ते पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत वाढले. बदलीच्या गावी जे कानावर पडले ते त्यांनी टाकून दिले नाही. आपल्या घरातील मुलेही बदलीच्या गावीच वाढत आहेत. त्यांच्या कानावर छत्तीसगडचा पंथी नाच पडतो, राऊत नाचा पडतो, धुमाल पडते. पंथीची लय शेवटी कशी चढत जाते, हे ज्याने एकदा पाहिले तो नाचऱ्या लयीला उथळ म्हणावयास धजणार नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. येत्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ मुलांची असावी. ध्वनिक्षेपकांच्या भिंती नकोत, मुद्रित ठेकाही नको. ढोलकी, ताशा आणि झांजा प्रत्यक्ष वाजाव्यात. गाण्याचे मराठी शब्द छापून आठ दिवस आधी घरोघर द्यावेत, आणि त्यांचा अर्थ आजीने नातवास सांगावा. न कळला तर दोघांनी मिळून विचारावा. त्याच मंचावर त्यानंतर 'मानापमाना'तली पदे जरूर व्हावीत. रायपुरात ढोलकी वाजविणारा मिळत नाही, ही सबब मात्र कोणी पुढे करू नये. धुमालवाल्यांकडे चौकशी करावी. चांगल्या हाताची माणसे त्यांना ठाऊक असतात.