कमरेला पिस्तूल, कागदावर हक्क

परवा गणपतीच्या आरतीनंतर, हातात मोदकाची वाटी धरून, आमच्या एका मित्राने जाहीर केलं, "मी पिस्तूल घेतोय. आणि लपवून नाही हं, चांगलं कमरेला लावून फिरणार. टेक्सासमध्ये राहतो, हक्क आहे आपला!" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. पाहुण्यांसमोर मला फार बोलता आलं नाही. ते राहिलेलं आज इथे लिहितेय.

हक्क आहे, कबूल. भारतातल्या मंडळींना नवल वाटेल, कारण आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना, मग बंदूक. इथे मात्र २०१६ पासून परवाना असलेल्याला पिस्तूल उघड लावून फिरता येतं, आणि सप्टेंबर २०२१ पासून तर एकविशी ओलांडलेल्या बहुतेकांना परवानाही लागत नाही.

पण जो हक्क बजावताना पोलीस आपला चेहरा बघून काय समजेल यावर आपला जीव टांगलेला असतो, त्याला मी हक्क म्हणत नाही. ती मेहेरबानी झाली.

उगाच बोलत नाही. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील नावाच्या काळ्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे परवाना होता. पिस्तूल तो मिरवतही नव्हता. आपल्याजवळ ते आहे हे त्याने आपणहून, 'सर' म्हणत सांगितलं. काही क्षणांत पोलिसाने गोळ्या झाडल्या. तो गेला. पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटला.

दुसऱ्याच दिवशी आमच्या डॅलसमध्ये निषेध मोर्चा होता. काही मोर्चेकरी खांद्याला रायफली लावून आले होते, कायद्याने पूर्ण परवानगी असलेल्या. एका हल्लेखोराने गोळीबार करून पाच पोलीस मारले. त्या गोंधळात पोलिसांनी संशयित म्हणून भलत्याच एका काळ्या माणसाचा फोटो जगभर पसरवला. त्याने आपली रायफल तर आपणहून पोलिसाच्या हातात दिली होती! नंतर पोलीसप्रमुखांनीच सांगितलं, की इतक्या लोकांकडे बंदुका असताना चांगला कोण नि वाईट कोण हे ओळखणं अवघड जातं.

आमचा मित्र म्हणेल, "मग पोलिसांना नीट शिकवा." शिकवा ना! पण हातात दोन सेकंद असतात आणि कायद्याने दोघांच्याही कमरेला पिस्तूल चालतं, तेव्हा पोलीस बघणार काय? चेहराच बघणार. या कायद्याने त्या पोलिसालाही अंदाजावर सोडलंय.

आणि हा अंदाज आजचा नाही. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्सचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्यांच्यामुळेच भरलेल्या बंदुका उघड बाळगण्यावर बंदी आणायचं घाटत होतं, आणि गव्हर्नर रेगन यांनी त्याच वर्षी तिच्यावर सही केली. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनविरोधी लोक, बहुतेक गोरे, रायफली घेऊन मिशिगनच्या विधानभवनात शिरले. त्यांना आत जाऊ दिलं, कारण ते कायदेशीर होतं.

आपण सावळे लोक यात नेमके कुठे बसतो? ते रस्त्यावर त्या क्षणी ठरेल, आणि ठरवणारे आपण नसू.

माझा लेक नुकताच गाडी चालवायला लागलाय. आम्ही त्याला पहिला धडा पार्किंगचा नाही दिला. पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, न विचारता कशालाही हात लावायचा नाही, हा दिला. मुलाला असं शिकवायचं आणि स्वतः कमरेला पिस्तूल लावायचं, हे मला जमणार नाही.

मित्रा, तू हे वाचशीलच. घ्यायचं तर घे, मी कोण अडवणार? पण पुढच्या गणपतीला आमच्याकडे येशील तेव्हा ते घरी ठेवून ये. माझ्या घरापुरता तेवढा हक्क मलाही आहे.

असो. बघा पटतंय का.