ओव्हनमधली कोंबडी

मैत्रिणींनो, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने येऊन अंबरनाथला किंवा बदलापूरला उतरायचे, आणि घरी पुन्हा गॅसपुढे उभे! त्यावर हा माझा उपाय.

सकाळी अर्धा किलो कोंबडीच्या लहान तुकड्यांना वाटीभर दही, आले-लसणाचे वाटण, हळद, तिखट, मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी ओव्हन २०० अंशांवर तापवा. तेल लावलेल्या पसरट भांड्यात उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यावर कांदा आणि कोंबडी पसरा. झाकण घालून ३० मिनिटे, मग झाकण काढून १५ मिनिटे भाजा. हाडाजवळ लालसर दिसली तर आणखी ठेवा. काचेचे भांडे फ्रीजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये मात्र घालू नका, तडकते.

त्या पाऊण तासात मी शाळेच्या वह्या तपासते. आणि मुख्य म्हणजे, सगळ्यांबरोबर गरम गरम जेवायला मीही बसते!