मायेला तयारीची जोड हवी

आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला संस्थेपेक्षा घर बरे, हे आता वेगळे सिद्ध करायला नको. रुमानियात बुखारेस्टमधील अनाथालयांतल्या १३६ बालकांवर २००० पासून एक मोठा अभ्यास झाला. त्यातली निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांकडे सोपवली गेली. बुद्धीची वाढ आणि माणसांशी जडणारी नाती, दोन्ही बाबतींत ती सरस ठरली. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेल्यांना तर सर्वाधिक लाभ झाला.

पण घर मिळाले म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे नाही. १९४५ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशरमध्ये डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा प्रतिपालकांच्याच घरी उपासमार आणि मारहाणीमुळे दगावला. अधिकाऱ्यांची देखरेख किती ढिली होती, हे चौकशीत उघड झाले. १९४८ च्या बालक कायद्यामागे त्या धक्क्याचाही वाटा होता.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रतिपालकत्वाची वाट दाखवली. मूल कोणाकडे सोपवायचे, हे बाल कल्याण समिती ठरवते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही ही दारे उघडली. नवी घरे पुढे येणार असतील, तर त्यांची तयारी करून घेणे ही सरकारची जबाबदारी आहे.

कारण घरी येणारे मूल आपला भूतकाळ सोबत आणते. पोटभर जेवूनही ते दप्तरात पोळी लपवते. त्याला रागावले की ते आणखी खोल लपवू लागते. त्यापेक्षा हाताला येईल अशा फळीवर चिवडा-लाडवाचा डबा ठेवावा, ‘हा तुझा, केव्हाही उघड’ असे सांगावे आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नये. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ ठरलेली असावी. आईवडिलांविषयी त्याच्यासमोर वाईट बोलू नये. बऱ्याचदा मुलाचा जीव अजून त्यांच्यातच अडकलेला असतो.

अत्याचाराबद्दल मूल बोलू लागले, तर मोठ्यांनी शांतपणे ऐकून घ्यावे, खोदून खोदून विचारू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

एवढे सगळे निव्वळ मायेच्या बळावर कोणाला जमणार? मूल सोपवण्याआधी प्रत्येक कुटुंबाला प्रशिक्षण मिळायला हवे. रात्री-अपरात्री फोन करता येईल, असा एक जाणता माणूस प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्यासाठी नेमायला हवा. आणि घरभेटीला आलेल्या अधिकाऱ्याने चहा घेऊन, कागदावर सह्या घेऊन परतू नये. मुलाशी एकांतात बोलावे. प्रतिपालकांनीही त्यात अविश्वास शोधू नये. भेट कधी होणार, हे त्यांनीच मुलाला आधी सांगून ठेवावे.